२४ एचपीचा ट्रॅक्टर आणि चिकण जमीन: रोटाव्हेटर किती रुंद घ्यावा

तुम्ही दिलेले आकडे असे आहेत: इंजिन २४ एचपी, पीटीओवर (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) २० एचपी, मागच्या टायरांची बाहेरून बाहेर रुंदी ११५ सेंमी, जमीन चिकण. प्रश्न असा की रोटाव्हेटर चार फुटी घ्यावा की पाच फुटी. पाच फुटीचा विचार आत्ताच सोडून द्या. चार फुटीलाही लगेच हो म्हणू नका.

चिकण मातीत दर फूट रुंदीला पीटीओवर ६ ते ७ एचपी धरावी लागते. हलक्या, भुसभुशीत जमिनीत ४ ते ५ मध्ये भागतं. तुमच्याकडे २० आहे, म्हणजे हिशेब ३ ते सव्वातीन फुटांवर, साधारण १ मीटरवर थांबतो. माहितीपत्रकात चार फुटीसाठी '२० ते ३० एचपी' लिहिलेलं दिसेल, पण तो आकडा बहुतेक वेळा इंजिनचा असतो आणि त्यात माती मऊ धरलेली असते. इंजिनपासून पीटीओपर्यंत १५ टक्क्यांच्या आसपास ताकद वाटेतच जाते, हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअर असेल तर आणखी थोडी जास्त.

खरी अडचण इथून पुढे आहे. १०० सेंमीचं यंत्र मधोमध लावलं तर दोन्ही टायरांची साडेसात-साडेसात सेंमीची पट्टी बाहेर राहते. चिकण मातीत टायरखाली दबलेली ही पट्टी वाळली की विटेसारखी होते. यावर तीन उपाय आहेत.

पहिला, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला: चाकांमधलं अंतर कमी करा. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांची मागची रिम उलटी बसवता येते. मात्र उजवं चाक डावीकडे आणि डावं उजवीकडे न्यायचं. त्याच बाजूला रिम नुसती पालटली तर टायरच्या नक्षीची दिशा उलटी होते आणि पकड जाते. अंतर कमी झालं की उतारावर ट्रॅक्टर कलंडायचा धोका वाढतो, त्यामुळे जमीन उताराची असेल तर हा उपाय नको.

दुसरा उपाय म्हणजे उजवीकडे सरकवता येणारा रोटाव्हेटर. त्याची उजवी कड उजव्या टायरच्या बाहेरच्या कडेला आणायची. डावीकडे १५ सेंमी उरतात, पण ते पुढच्या फेरीत येतात. अट एकच, झालेलं रान कायम उजव्या हाताला राहिलं पाहिजे. म्हणजे कडेपासून आत येत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरायचं. पट्ट्याला पट्टा लावून जा-ये केली तर परतताना झालेलं रान डावीकडे येतं आणि सगळा हिशेब बिघडतो.

तिसरा उपाय १२० सेंमीचा, म्हणजे चार फुटीच घ्यायचा, पण दोन-तीन उथळ फेऱ्यांत काम करायचं हे मनाशी पक्कं करून. पहिली फेरी ५ ते ७ सेंमी, दुसरी आडवी १० ते १२. एकाच फेरीत १५ सेंमी घालायला गेलात की इंजिनचे फेरे पडतात. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे इंजिनच्या ठरलेल्या फेऱ्यांवरच मिळतात, ते पडले की रोटर (पाती बसवलेला फिरता दांडा) मंदावतो. ट्रॅक्टरचा वेगही त्याच प्रमाणात पडतो, त्यामुळे काप तेवढाच जाड राहतो, पण फेऱ्यांबरोबर इंजिनची ताकद घटते आणि भार न पेलून इंजिन बसतं. पीटीओला ५४० इकॉनॉमी असेल तर ती या कामाला वापरू नका, तिथे इंजिन कमी फेऱ्यांवर चालतं आणि हाताशी ताकदच नसते.

कापाचा हिशेब एकदा स्वतः करून बघा. ताशी अडीच किमी म्हणजे मिनिटाला जवळपास ४२ मीटर. रोटर मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरत असेल तर एका फेऱ्यात ट्रॅक्टर २१ सेंमी पुढे जातो. एका फ्लँजवर, म्हणजे पाती बसवायच्या चकतीवर, ६ पाती (३ डावी, ३ उजवी) असतील तर प्रत्येक काप ७ सेंमीचा, ४ पाती असतील तर साडेदहाचा. म्हणून खरेदीच्या आधी सगळ्यात कमी गिअरमधला वेग बघा. तो ताशी दीड किमीच्या आसपास येत नसेल तर कोणताही रोटाव्हेटर चिकण मातीत धडपडणारच. सहा पातींनी माती बारीक होते, पण ओलसर चिकणमाती पातींच्या मधे भरून रोटरचा गोळा होतो. अशा जमिनीला मी चार पातींचा फ्लँज सुचवेन.

पातींचा आकार हा मुद्दा बहुतेक जण वगळतात. सरसकट मिळणारं पातं एल आकाराचं असतं. त्याची आडवी बाजू तण छान कापते, पण चिकण मातीत तीच बाजू तळ घासून गुळगुळीत करते. थापीनं गिलावा घोटावा तसा. वर भुसभुशीत, खाली बंद थर, पाणी तिथेच अडतं आणि मुळं तिथून आडवी वळतात. सी आकाराचं पातं वळणदार असतं, मातीत हळूहळू शिरतं, ताकद कमी घेतं आणि तळही कमी घोटतं. भारी जमिनीला तेच. तणाचा फार दाट पसारा असेल तर ते आधी कापून, वाळवून काढा, त्यासाठी एल पातीकडे वळू नका.

रोटरचे फेरे बदलता येणारा गिअरबॉक्स मिळाला तर घ्या. मागचं झाकण उघडून दोन गिअर अदलाबदल करायचे असतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. चिकण मातीत १८० ते २०० फेरे पुरतात. त्यापुढे बरीचशी ताकद माती कापण्यात न जाता ती मागे फेकण्यात जाते. शिवाय पीठ झालेल्या मातीवर पहिलाच पाऊस पडला की वर पापुद्रा धरतो आणि उगवण मार खाते. अंगठ्याएवढी ढेकळं राहिलेली चालतात. मागची फळी थोडी उचलून ठेवली की माती भरड राहते, खाली दाबली की बारीक होते.

वजनाला कमी लेखू नका. नेहमीचा रोटर पुढच्या दिशेनं, चाकांसारखाच फिरतो. कडक जमिनीत पाती आत शिरण्याऐवजी वर चढतात आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, धक्के बसतात. हलक्या यंत्राला हे जास्त होतं. १ मीटरचं यंत्र २०० किलोच्या आसपास असेल तर बरं. त्याच वेळी ट्रॅक्टरची लिफ्ट तपासा. जो आकडा लिंकच्या टोकाशी दिलेला असतो तो धरू नका, टोकाच्या ६० सेंमी मागे किती उचलते ते विचारा, कारण यंत्राचं वजन तिथेच असतं. उचलल्यावर स्टिअरिंग हलकं वाटलं तर पुढे वजनं लावा. उलट्या दिशेनं फिरणारा रोटर खोल जातो आणि ढेकळं खाली गाडतो, पण ताकद जास्त मागतो. २० एचपीला तो झेपायचा नाही.

गिअरबॉक्सकडून रोटरला ताकद पोचवणारा बाजूचा ड्राइव्ह चेनचा असतो किंवा गिअरचा. चिकण मातीला गिअरचा घ्या. चेन सैल होते, ताण बघत राहावं लागतं आणि ती तुटली तर तिच्यावरचं झाकणही फोडते. संरक्षणासाठी शिअर बोल्ट (भार फार झाला की आधी तुटणारा) किंवा स्लिप क्लच (भार फार झाला की घसरणारा) असतो. दगड, मुळं नसतील तर शिअर बोल्ट पुरतो; पाच-सहा सुटे जवळ ठेवा आणि ठरलेल्या ग्रेडपेक्षा कडक बोल्ट कधीही घालू नका, नाहीतर बोल्टऐवजी गिअरबॉक्स तुटतो. दगड असतील तर स्लिप क्लच. तो हंगामभर पडून राहिला की प्लेटा गंजून चिकटतात आणि क्लच असून नसल्यासारखा होतो. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट दोन-दोन आटे सैल करा, प्लेटांवर खडूची आडवी रेघ मारा, पीटीओ दोन-तीन सेकंद जोडून बंद करा. रेघ तुटली म्हणजे प्लेटा सुटल्या. मग नट मोजून तेवढेच परत आवळा.

पीटीओ शाफ्ट आला तसा लावू नका. छोट्या ट्रॅक्टरला तो हमखास लांब पडतो आणि यंत्र उचलताना पीटीओचं बेअरिंग फोडतो. सगळ्यात आखूड स्थितीत आतल्या नळीला २-३ सेंमी मोकळी जागा हवी, सगळ्यात लांब स्थितीत किमान १५ सेंमी नळी एकमेकींत हवी. कापायच्या तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही प्लास्टिकची कव्हरं सारखीच कापा, कडा कानशीनं घासा. दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत ठेवा. वळताना यंत्र जमिनीपासून वीतभरच उचला, त्याहून वर न्यायचं असेल तर आधी पीटीओ बंद. पातींत अडकलेला गवताचा गुंडा काढायचा असेल तर इंजिन बंद करून किल्ली खिशात.

कधी चालवायचं हे मात्र यंत्र ठरवत नाही. १० सेंमी खालची माती घ्या आणि तळहातावर वळा. पेन्सिलीहून बारीक, ३ मिमीची वळी न तुटता होत असेल तर जमीन ओली आहे, थांबा. वळी तुकडे होऊन पडत असेल आणि ढेकूळ बोटांनी फुटत असेल तर वाफसा आला. चिकण मातीत हा वाफसा काही दिवसांचाच असतो. तो निघून गेला तर रोटाव्हेटर आधी घालू नका, चिझल नांगरानं फोडून घ्या. एरवीही दर दोन-तीन वर्षांनी चिझल मारा आणि रोटाव्हेटरची खोली दर हंगामात थोडी बदला, म्हणजे तळाचा थर एकाच पातळीवर घट्ट होत नाही.

नवीन यंत्र आल्यावर गिअरबॉक्सचं तेल स्वतः बघा. काही वेळा ते न भरताच येतं. पहिल्या तासाभरानं पातींचे सगळे बोल्ट परत आवळा, तेल पहिल्यांदा ५० तासांनी बदला. पाती बदलताना दोन्ही टोकांच्या फ्लँजवर फक्त आत वळलेली पाती बसवा आणि बाकीची जुन्या क्रमानंच लावा. काढण्याआधी फोटो घेऊन ठेवा, कारण हा क्रम रोटरभर पिळासारखा फिरत गेलेला असतो. तो चुकला की दोन-तीन पाती एकदम जमिनीला भिडतात आणि सगळं यंत्र थरथरतं.