गाडीतला बेस आणि चोवीस हप्ते

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय २९, वेर्ण्याला कंपनीत नोकरी, महिन्याला हातात ३८,००० रुपये. चार वर्षांची हॅचबॅक आहे, तिचे ७,२०० रुपयांचे १४ हप्ते बाकी आहेत. बँकेत ५५,००० शिल्लक. गाडीत चांगली म्युझिक सिस्टीम बसवायची आहे. दुकानाने ९२,०००चं कोटेशन दिलंय: नवा स्टिरिओ १८,०००, बारा इंची दोन वूफर (खालचा, घुमणारा आवाज देणारे मोठे स्पीकर) बॉक्ससकट २४,०००, वूफरचा अ‍ॅम्प (आवाजाची शक्ती वाढवणारं यंत्र) २०,०००, चार चॅनलचा अ‍ॅम्प १४,०००, दारांचे स्पीकर ११,०००, वायरिंग आणि फिटिंग ५,०००. पैसे २४ हप्त्यांत, १५ टक्के व्याजाने. ‘घरचे म्हणतात उधळपट्टी. तुम्ही सांगा, घेऊ का?’

नमस्कार. आधी हे सांगते की मी याला उधळपट्टी म्हणणार नाही. बोरीच्या पुलावरून रोज जाऊन-येऊन दीड तास तुम्ही गाडीत असता, आणि संगीत ही तुमची एकच हौस आहे असं तुम्ही लिहिलंय. हौसेला पैसे ठेवायलाच हवेत. पण हे कोटेशन आणि हे हप्ते, दोन्ही घेऊ नका.

तुमचाच हिशेब मांडते. घरी १२,०००, गाडीचा हप्ता ७,२००, पेट्रोल-देखभाल ५,५००, विम्याचे हप्ते २,३००, स्वतःचा खर्च ५,०००. उरतात ६,०००. नवा हप्ता ४,४६१ रुपयांचा पडेल. म्हणजे गाडीचे १४ हप्ते संपेपर्यंत हातात महिना जेमतेम १,५०० रुपये. व्याज सुमारे १५,००० होतं. त्यात दारांचे स्पीकर येऊन वर पैसे उरले असते. आणि नोकरीत खंड पडला तर? स्वतःचा खर्च सोडला तरी टाळता न येणारा खर्च महिना २७,००० आहे. तुमचे ५५,००० दोन महिने पुरतील. किमान तीन महिन्यांचे ८१,००० बाजूला असल्याशिवाय मी कुणालाच हौसेसाठी कर्ज काढू देत नाही. गाडी विकताना पैसे वसूल होतील असं दुकानदार म्हणाला, ते मनातून काढून टाका. जुनी गाडी घेणारा कापलेल्या वायरी बघून किंमत पाडतो. कंपनीचे मूळ स्पीकर मात्र खोक्यात जपून ठेवा, विकताना परत बसवता येतात.

आता कोटेशनकडे या. मला सगळ्यात खटकला तो शेवटचा आकडा: ९२,०००मध्ये वायरिंगला फक्त ५,०००. धाकट्या भावाच्या गाडीत हेच झालं होतं. बॅटरीपासून डिकीपर्यंत नेलेल्या तारेला बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता, आणि इंजिनकडच्या पत्र्याच्या भोकात रबरी बूच बसवलं नव्हतं. पावसाळ्यात एका संध्याकाळी तार घासून उघडी पडली, पत्र्याला टेकली आणि डॅशबोर्डखालून धूर आला. माणसं वाचली, सुदैवाने. सिस्टीम विमा कंपनीला कळवलेली नव्हती, त्यामुळे भरपाईही मिळाली नाही. म्हणून माझा आग्रह आहे की पहिला पैसा तारेवर जाऊ दे. तार शुद्ध तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत तारेला झेपेल एवढाच फ्यूज. अर्थची तार आखूड, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळलेली. आपल्या खाऱ्या हवेत तो उघडा पत्रा लगेच गंजतो, म्हणून बोल्ट आवळल्यावर वरून प्रायमर किंवा ग्रीस. सिग्नलच्या केबल पॉवरच्या तारेपासून लांब, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यायच्या, नाहीतर इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते.

अ‍ॅम्पच्या खोक्यावर ‘३००० वॅट’ लिहिलंय म्हणता. तो क्षणभराचा कमाल आकडा. विचारायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी शक्ती, आणि तीही किती ओमच्या (स्पीकरच्या विद्युत रोधाच्या) लोडवर ते. समजा तो अ‍ॅम्प खरोखर १,००० वॅट आरएमएस देतो. क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या) अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी पूर्ण जोरावर तो १३.८ व्होल्टला सुमारे ९० अँपिअर ओढेल. छोट्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज बनवणारं यंत्र) एसी, दिवे, वायपर सांभाळून एवढा कुठून देणार? गाणं सतत पूर्ण जोरावर वाजत नाही हे खरं, पण प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिणमिणायला लागले की पुढचा खर्च बॅटरीचा. ५०० वॅटला हाच आकडा ४५वर येतो. एका गाडीला, तीही हॅचबॅकला, बंद बॉक्समधला दहा इंची एक वूफर पुरतो. नवा स्टिरिओही लागत नाही. स्पीकरच्या तारेवरून सिग्नल घेणारा अ‍ॅम्प निवडला की मूळ स्टिरिओ चालतो आणि १८,००० वाचतात.

मग कसं करायचं? उरणाऱ्या ६,०००मधून सात महिने ४,००० राखीव निधीत टाका; शिल्लक ८३,००० होईल. त्याच काळात २,००० वेगळ्या खात्यात, म्हणजे १४,०००. चवथीचा खर्च बोनसमधून भागतो असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे इकडे हात घालावा लागणार नाही. या १४,०००मध्ये दारांचे स्पीकर आणि दारांच्या आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी). फरक पहिल्याच दिवशी कळेल, आणि कदाचित पुढचं लागणारही नाही! लागलंच, तर आठव्या महिन्यापासून महिना ५,०००. सहा महिन्यांत ३०,००० जमतील. त्यात एक वूफर, ५०० वॅटचा अ‍ॅम्प आणि वायरिंगला किमान ८,००० असं नवं कोटेशन मागा. तोवर गाडीचे हप्तेही संपत आलेले असतील.

बसवल्यावर दोन गोष्टी दुकानातच करून घ्या. अ‍ॅम्पवरचं गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही, स्टिरिओच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचं आहे. स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवून गेन हळूहळू वाढवायचा, आवाज फाटायला लागला की तिथून थोडा मागे आणायचा. बेस बूस्ट शून्यावर, लो-पास (वरचे सूर अडवणारी चाळणी) साधारण ८० हर्ट्झला. फाटका सिग्नल सतत गेला की वूफरची कॉइल जळते. आणि बिलाची प्रत देऊन विमा कंपनीकडे सिस्टीम पॉलिसीत चढवा. जादा प्रीमियम साधारणपणे किमतीच्या ४ टक्के असतो, म्हणजे ३०,०००वर १,२०० रुपये आणि वर जीएसटी. गाडीची वॉरंटी चालू असेल तर वायरी कापू नका, कपलर (मूळ जोडणीत बसणारे तयार जोड) वापरायला सांगा.

बॉक्स एमडीएफचा घेऊ नका. चार महिन्यांच्या पावसात डिकीत ओल आली की तो फुगतो. मरीन प्लाय थोडा महाग, पण टिकतो. वूफरची कड फोमऐवजी रबराची बघा. अ‍ॅम्प सीटखाली नको, ओल्या चपलांचं पाणी तिथेच उतरतं. वूफरच्या बॉक्सवरही नको, हादऱ्याने सोल्डर सुटतात. मिरामारला इंजिन बंद ठेवून तासभर गाणी लावलीत तर बॅटरीचं आयुष्य घटेल. दर मे महिन्यात सगळे बोल्ट आवळून, बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिन लावून, डिकीचं रबर तपासून घ्या. त्यासाठी आणि प्रीमियमसाठी मिळून वर्षाला ३,००० रुपये आत्ताच हिशेबात धरा.