व्हॅनेडियम डिटेक्टरचा आकडा ताजा नसतो

ट्रॉम्बेला नुकताच रुजू झालायस, म्हणून एक सांगतो. एकूण पॉवर बरोबर दिसतेय म्हणून निर्धास्त राहू नकोस. तारापूरच्या 540 मेगावॅटच्या अणुभट्ट्यांचा गाभा इतका मोठा की एका बाजूला पॉवर चढते, दुसरीकडे उतरते आणि बेरीज जिथल्या तिथे! करणी झेनॉन-135 ची, म्हणजे विखंडनातून तयार होणाऱ्या, न्यूट्रॉन गिळणाऱ्या वायूची. त्याचं अर्धायुष्य 9 तासांच्या आसपास, त्यामुळे हे हेलकावे तासन्‌तास चालतात. म्हणूनच तिथे 14 झोन करून प्रत्येकातलं हलकं (म्हणजे साधं, न्यूट्रॉन शोषणारं) पाणी वेगळं कमीजास्त करतात.

आता डिटेक्टर, म्हणजे गाभ्यातले न्यूट्रॉन मोजणारे संवेदक. कोबाल्टचा सिग्नल जवळपास तत्काळ येतो, म्हणून नियंत्रणासाठी तो. व्हॅनेडियम बीटा-क्षयावर चालतो, म्हणजे न्यूट्रॉन शोषून किरणोत्सारी झालेले त्याचे अणू हळूहळू इलेक्ट्रॉन सोडतात तेव्हा सिग्नल मिळतो. पॉवर एकदम बदलली तर पावणेचार मिनिटांनी जेमतेम निम्मा बदल दिसतो. तरी फ्लक्सचा (न्यूट्रॉनच्या प्रवाहाचा) नकाशा काढायला मला तोच भरवशाचा वाटतो. कोबाल्टमध्ये किरणोत्सारी कोबाल्ट-60 साचत जातं आणि त्याचा फुकटचा करंट वाढत राहतो. दोघांचे आलेख शेजारी ठेवून वाद घालणारे भलेभले पाहिलेत. आधी विलंबाची दुरुस्ती कर, मग तुलना. आणि एखादा डिटेक्टर वेगळं सांगत असेल तर लगेच बाद करू नकोस, शेजारचे काय म्हणतात ते बघ.

सोमवारी कॅन्टीनला भेट, झोन कागदावर काढून दाखवतो.