नव्या केरिसचे मूळ शोधताना

आपली केरिस, म्हणजे हा इंडोनेशियन खंजीर, जावा बेटावरील सोलो शहराची आहे, हे तुम्ही म्यानावरून ठरवलेत. सुरुवातीला बहुतेकांची हीच चूक होते, माझीही झाली होती. पाते, मूठ आणि म्यान या तीन स्वतंत्र वस्तू समजाव्यात, कारण मूठ बहुधा कापडाच्या गुंडाळीवर घट्ट बसवलेली असते आणि सहज बदलता येते.

दुसरे असे की, शैली म्हणजे जन्मस्थान नव्हे. मदुरा बेटावरील सुमेनेप भागातले, विशेषतः आएंग तोंग-तोंग गावचे कारागीर सोलो, योग्यकर्ता, बाली अशा हव्या त्या धाटणीची पाती घडवतात, आणि बाजारातील पुष्कळ नवी पाती तिथलीच असतात. म्हणून आधी पात्याचे मुठीलगतचे बूड पाहावे: तिथला सोंडेसारखा वळसा आणि मागच्या कडेचे बारीक दाते भिंगाखाली धरून, कानस सफाईने फिरली आहे की ग्राइंडरच्या खुणा उरल्या आहेत, हे निरखावे.

पामोरच्या, म्हणजे पात्यावर दिसणाऱ्या धातूच्या थरांच्या नक्षीची नावे पाठ करण्याची घाई नको. पाते काचकागदाने मात्र कधीही घासू नये. कारण ती नक्षी सोमल आणि लिंबाच्या रसाने उठवलेली असते (हात धुवावेत, सोमल विषारी आहे). विक्रेत्याचा ‘मजापहितकालीन’ (जावातील जुन्या मजापहित साम्राज्याच्या काळातील) हा शब्द तूर्त बाजूला ठेवावा आणि मूठ काढता आल्यास बुडाचे दोन्ही बाजूंनी फोटो पाठवावेत.