25 माणसांत लग्न केलं तर नातेवाईक समजून घेतात का?

तुम्ही विचारलंय की 2021 मध्ये कोरोनात 25 जणांत लग्नं झालीच, कोणाचं काय अडलं? मग आता खर्च वाचवायला तसंच लग्न केलं तर नातेवाईक समजून घेतील का, आणि यादी कशी करायची?

नाही घेणार. आमच्या मुलीचं लग्न मे 2021 मध्ये झालं आणि आमच्याकडचे अजून समजून घेतायत.

मी कोल्हापूरचा. कसबा बावड्यात घर, सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत. स्थळ इचलकरंजीचं. फेब्रुवारीत साखरपुडा झाला तेव्हा पहिली लाट ओसरली होती, लोक मास्क हनुवटीला लावून फिरत होते. मे महिन्याचं मंगल कार्यालय ठरवलं, 40 हजार ॲडव्हान्स दिला. बस्ता मार्चमध्येच गांधीनगरातून बांधला, मंगळसूत्र गुजरीतून केलं. एवढी एकच गोष्ट आम्ही वेळेत केली. एप्रिलमध्ये सगळं बंद झालं. राज्य सरकारचा आदेश आला, लग्नाला 25 माणसं, दोन तासांत उरकायचं, मोडलं तर 50 हजार दंड. किराणा सकाळी 7 ते 11. आमच्या फौंड्रीत रायझर, म्हणजे कास्टिंगवरचे जादा तुकडे, कापायचं गॅस कटिंग थांबलं, कारण उद्योगांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला होता. कार्यालयवाल्याने ॲडव्हान्सपैकी 15 हजार परत दिले आणि उरलेल्याबद्दल "पुढच्या कार्यक्रमात वळते करू" म्हणाला. तो पुढचा कार्यक्रम कुठला, हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही. (कार्यालय ठरवताना परत मिळण्याची अट कागदावर घ्या. हे आत्ताच सांगतो, नंतर विसरेन.)

व्याही म्हणाले, पुढं ढकलू. मी म्हणालो, नको. तिसरी लाट येणार म्हणत होते, आई 86 वर्षांची, किती ढकलायचं? मग आमच्या दारातच मांडव घालायचं ठरलं.

आता यादी. 25 मधला एक भटजी. उरले 24, म्हणजे बारा त्यांचे, बारा आमचे. माझ्या लग्नाला बाराशे पानं उठली होती, आणि इथं बारा! शाळेच्या वहीत मी आणि बायको रात्री लिहायला बसलो. नवरी, आम्ही दोघं, मुलगा, आई, झाले पाच. माझी बहीण, म्हणजे नवरीची आत्या, सहा. मेव्हणी आणि साडू, आठ. फोटोवाला आणि आचारी, दहा, कारण पोलीस आले तर डोकी मोजणार, त्यात पाहुणा कोण आणि आचारी कोण हे विचारणार नाहीत. राहिल्या दोन जागा. त्यांवर बायकोचा एकुलता एक भाऊ आणि भावजय. मामाशिवाय नवरी मांडवात आणायची कोणी?

या यादीत माझे थोरले बंधू नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आण्णा आणि वहिनी. राहायला शिवाजी पेठेत, स्कूटरवर वीस मिनिटं.

मी फोन करून सांगितलं. आण्णा तेव्हा 71 वर्षांचे, साखर आहे, लशीचा पहिला डोस एप्रिलमध्ये झालेला. मे महिन्यात कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर वाढवून 12 ते 16 आठवडे केलं, त्यामुळे त्यांचा दुसरा डोस जुलैवर गेला. मी म्हणालो, "आण्णा, तुमच्या तब्येतीला जोखीम नको. सगळं सुरळीत झालं की मोठं जेवण घालू." ते एवढंच म्हणाले, "आईला चालतंय व्हय?" आई आमच्याच घरात राहते, ती जाणार कुठं? पण तेव्हा मला हे सुचलं नाही. मी गप्प बसलो आणि त्यांनी फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारी 12 वाजून 37 मिनिटांचा. मेव्हणा निपाणीचा. कोल्हापूर-निपाणी म्हणजे चाळीसेक किलोमीटर. एरवी तो मटण खायला दुपारी येऊन संध्याकाळी परत जाणारा माणूस. पण निपाणी कर्नाटकात, म्हणजे तेव्हा परराज्य. महाराष्ट्रात शिरायचं तर 48 तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. त्याने आदल्या दिवशी स्वॅब दिलेला, रिपोर्ट आलेला नाही. तसाच मोटरसायकलवर निघाला, मागे शालू नेसलेली त्याची बायको. कोगनोळी ओलांडली आणि दूधगंगेच्या पुलाजवळ आपल्या पोलिसांनी अडवलं. त्याने पत्रिका दाखवली. व्हॉट्सॲपवरचीच, छापलीच कुठं होती? पोलीस म्हणाला, रिपोर्ट दाखवा.

11 वाजून 20 मिनिटांनी त्याचा फोन आला. मी म्हणालो, शेतातल्या वाटेनं ये की, रोज माणसं येतायत. तर म्हणतो, "दाजी, नवरीचा मामा चोरवाटेनं येत नसतो." डोक्याला फेटा बांधून पुलाच्या अलीकडं झाडाखाली बसलेला माणूस हे म्हणतोय! मला राग आला होता, पण आज वाटतं, बोलला ते बरोबर बोलला.

आता ऐका, दुखणं इथं आहे. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "दोन जागा रिकाम्या झाल्या. आण्णा-वहिनींना बोलवा. वीस मिनिटांत येतील." तासाहून जास्त वेळ हातात होता. मी फोन हातात घेतला, नंबर काढला आणि लावला नाही. मला वाटलं, आयत्या वेळी दुसऱ्याच्या रिकाम्या जागेवर थोरल्या भावाला बोलवायचं म्हणजे मान की अपमान? बस भरताना कंडक्टर ओरडतो, "चला, दोन जागा आहेत," तसं झालं असतं. तेव्हा मला हे अगदी पटलं होतं. आजही अर्धं पटतं.

भटजींनी पुकारा केला, "मामा, मुलीला घेऊन या." मुलाने मोबाईल वर धरलेला, त्यात मेव्हण्याचं तोंड. तिकडून दोन सेकंद उशिरा आवाज आला, "आलो, आलो!" सगळे हसले आणि बायको रडायला लागली. शेवटी मेव्हणीने पदर खोचला आणि ती पोरीला घेऊन आली. मावशीच मामा झाली. भटजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुढचा श्लोक धरला, दोन तासांचं गणित त्यांनाही होतं.

जेवणाच्या वेळेला पोलिसांची गाडी गल्लीत आली. अर्ज दिलेला होता, भीती नव्हती. हवालदाराने बोटानं डोकी मोजली. "तेवीस." मी म्हणालो, होय. तर हसून म्हणाला, "मग अजून दोघं चालतील की!" चांगला माणूस होता, मसालेभात खाऊन गेला. पण त्याचं ते वाक्य माझ्या बहिणीने संध्याकाळी फोनवर आण्णांना जसंच्या तसं सांगितलं. अख्ख्या लग्नातलं तेवढं एक वाक्य तिच्या लक्षात राहिलं होतं.

मेव्हण्याचा रिपोर्ट संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी आला. निगेटिव्ह. तोवर दोघं निपाणीला परत पोचले होते.

तर आण्णांचं म्हणणं असं, की दोन पानं रिकामी ठेवलीस पण भावाला बोलावलं नाहीस. पुतण्या म्हणतो, काकांनी पैसे वाचवले. पैसे वाचले, खोटं कशाला बोलू? साडेसहा लाख धरले होते, दीडमध्ये झालं. पण ते कुठं गेले तेही ऐका. दोन महिन्यांत, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पंचगंगा आली. राजाराम बंधारा आमच्या बावड्यातच, तिथली धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर. 2019 ला पायरीला लागून परत गेलं होतं, या वेळी घरात शिरलं. शिरोलीजवळ हायवे बंद, बावड्याची खालची बाजू रिकामी करायला लावलेली. 86 वर्षांच्या आईला घेऊन जायचं कुठं?

शिवाजी पेठेत. दुसरं होतंच कोण?

आण्णा दारात उभे होते. भिजलेले आम्ही चौघं. आईला त्यांनी स्वतः धरून आत नेलं, परत आले आणि मला म्हणाले, "किती जणं हाईसा? पंचवीसच्या आत हाईसा न्हवं? न्हाईतर पोलीस यायचे." वहिनी आतून ओरडल्या, "अहो, त्यांना आत तर घ्या!" आठ दिवस राहिलो. आठही दिवस तांबडा-पांढरा रस्सा झाला नाही तरी भाकरी-आमटी गरम मिळाली आणि प्रत्येक जेवणाला आण्णांनी पानं मोजली. तोंडानं. मोठ्यानं. मी काय बोलणार? वाचलेले पैसे प्लास्टर, वायरिंग आणि फ्रीजमध्ये गेले आणि ते मोठं जेवण राहिलं ते राहिलंच. म्हणून सांगतो, "नंतर मोठं रिसेप्शन करू" असा शब्द कोणाला देऊ नका. ते होत नाही.

देवाचंही तसंच. आमच्यात नवं जोडपं अंबाबाईला आणि जोतिबाला जाऊन आल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. अंबाबाईचं देऊळ एप्रिलपासून बंद, ते 7 ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडलं. जोतिबाची चैत्र यात्रा 2020 आणि 2021 अशी दोन्ही वर्षं भरली नाही. पोरगी-जावई चार-साडेचार महिने दर्शनाविना संसार करत होते आणि काही बिघडलं नाही. देवाने समजून घेतलं, भावाने नाही.

तुमच्या प्रश्नाकडं येतो. 2021 ला लोकांनी जे काही समजून घेतलं ते सरकारी आदेशामुळं. प्रत्येक नाराज माणसाला सांगता यायचं, "काय करणार, आदेश आहे." त्या आदेशाआड आम्ही बरीच जुनी उणीदुणी काढली, हे आता कबूल करायला हरकत नाही. आदेशात आकडा होता, नावं आम्हीच खोडली. माझ्यापुरतं सांगायचं तर आण्णांची साखर खरी, डोसही खरा, पण त्याच्या आदल्या वर्षी गावच्या शेतातल्या बोअरवरून आमचं वाजलं होतं आणि यादी लिहिताना ते डोक्यात नव्हतं असं शपथेवर म्हणवत नाही. तुम्ही आज 25 जणांत लग्न केलंत तर तुमच्याकडं तो आदेशही नाही. गाळलेला प्रत्येक माणूस "मलाच गाळलं" असं म्हणणार आणि ते खरंच असणार.

तरी करायचंच असेल तर यादी पायरीने करा. सख्खे भाऊ-बहीण घ्यायचे तर सगळे घ्या, नाहीतर कोणीच नको. मी बहीण घेतली आणि भाऊ गाळला, ही माझी चूक. करवली-बिरवली हे कारण नंतर कोणी ऐकत नाही. आणि फोनवर कळवू नका. घरी जा, चहा घ्या, शिव्या खा, या.

खर्चच कमी करायचा असेल तर माणसं कापू नका, पदार्थ आणि थाट कापा. फेटे, ड्रोन, त्या हळदीचे पिवळे पडदे, आलेल्या प्रत्येकाला टॉवेल-टोपी, हे सगळं कापा. मसालेभात, अख्खा मसूर, जिलेबी, मठ्ठा. पाचशे माणूस खुशीत जेवून जातं. तुम्ही पुण्याकडचे असाल तर तिथं कसं चालतं मला ठाऊक नाही, तिकडं लोक बोलावलं तरी येत नाहीत म्हणे, मग तुमचा प्रश्नच सुटला.

आणखी एक, हे आधी लिहायला हवं होतं. त्याच मे महिन्यात आमच्या गल्लीतले दोघं गेले. अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा होती, तीही भरली नाही, खांद्याला यायला लोक घाबरत होते. त्यातल्या एकांच्या घरी मी गेलो नाही, कारण दारात मांडव होता. त्या घरच्यांनी त्याबद्दल मला आजवर एक शब्द विचारलेला नाही. तेव्हा आमच्या या भांडणाला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

2023 मध्ये नातीचं बारसं झालं. तीनशे माणसं बोलावली, पहिलं बोलावणं शिवाजी पेठेत, मी आणि बायको दोघं जाऊन. मेव्हणा निपाणीहून आला, त्याला पुलावर कोणी हटकलंही नाही. आण्णा आले, नातीला मांडीवर घेतलं, पोटभर जेवले. जाताना आहेराचं पाकीट दिलं. पाकिटावर नाव नाही, नुसता आकडा घातलेला, 26.

बायको म्हणते, फोडा, आत पैसे असतील. मी फोडलेलं नाही, ट्रंकेत आहे. पुतण्या ही साइट वाचतो, म्हणून इथंच लिहितो: बाळा, आण्णांना विचार, त्या दिवशी मी आयत्या वेळी फोन लावला असता तर ते आले असते का? हो म्हणाले तर मी चुकलो असं धरतो आणि पाकीट त्यांच्यासमोर फोडतो. नाही म्हणाले तर बोअरचं बघू.