पावसहून रत्नागिरीला रोज एसटीने कॉलेज. फोनवर टाइम ब्लॉकिंग (दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला एकच काम ठरवणं) कसं जमवू?
आधी एसटीचा वेळ गूगल कॅलेंडरमध्ये टाक. लेक्चर, प्रॅक्टिकल आणि प्रवास यांना 'दर आठवड्याला' रिपीट लावलं की मोकळा वेळ खरा किती उरतो ते दिसतं. बहुतेकांचा अंदाज इथेच चुकतो. उरलेल्या वेळात ५० मिनिटांचे ब्लॉक कर, पण नुसतं 'अभ्यास' लिहू नकोस. 'फिजिक्स, प्रकरण ३, गणितं' असं लिही. दोन ब्लॉकमध्ये १५ मिनिटं मोकळी ठेव. पावसाळ्यात गाडी चुकते, लाईट जाते, तेव्हा ब्लॉक डिलीट न करता पुढच्या रिकाम्या जागी सरकव. गणपतीचे दिवस मात्र आत्ताच सुट्टी म्हणून अडवून टाक. घरात आरत्या चालू असताना पुस्तक हातात घेववत नाही, आणि घेऊही नये.