चुंबक चिकटलं नाही, तरी बोल्ट गंजला

प्रश्न : माझी फायबरची होडी आहे. गेल्या वर्षी डेकवरचे नट-बोल्ट आणि आकडे स्टेनलेसचे बसवले. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, चिकटलं नाही. तरी वर्षभरात वायसरभोवती तांबूस डाग आले. पाण्याखालचा पितळी कॉकही बदलायचा आहे. काय घ्यावं? (एक वाचक, मालवण)

उत्तर : चुंबकाने इथे काही कळत नाही. स्टेनलेसच्या २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्ही प्रतींना ते जवळपास चिकटत नाही. खरा फरक मिश्रणात आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्टीलवरची क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय फोडून टाचणीएवढे खड्डे पाडतं, त्याला मॉलिब्डेनम आवर घालतं. २०२ तर होडीवर चढवूच नका.

घेताना बोल्टचं डोकं वाचा. 'ए४-७०' असेल तर ३१६ च्या गटातला, 'ए२-७०' म्हणजे ३०४ च्या. डोकं कोरं असेल, तर मॉलिब्डेनम तपासायचं थेंबाचं किट मिळतं. मोठी खरेदी असेल तर ते जरूर वापरा.

पण बसवणी चुकली तर ३१६ लाही डाग येतात. वायसरखाली पाणी अडकतं, तिथे प्राणवायू पोचत नाही आणि फुटलेली साय पुन्हा धरत नाही. म्हणून भोकाची वरची कड थोडी खोलगट करा, तिथे पॉलिसल्फाइड सीलंट भरा. आंबट वासाचं बाथरूमचं सिलिकॉन नको. आट्यांना अँटी-सीझ वंगण लावा, नाहीतर स्टेनलेसवर स्टेनलेस जाम होतं आणि बोल्ट कापावा लागतो. आवळताना डोकं वरून पान्याने घट्ट धरा आणि नट खालून फिरवा. डोकं फिरलं की सीलंट सुटतं.

आता कॉक. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. समुद्रात जस्त विरघळून जातं, तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो, आणि आकार मात्र जशाचा तसा दिसतो. धोका हाच: एके दिवशी दांडा हाताने फिरवताना कॉक तुटतो आणि होडीत पाणी शिरतं. जुना कॉक पॉलिश पेपरने घासून पाहा. पिवळी चमक आली तर धातू शाबूत. गुलाबी-तांबूस दिसला तर तो लगेच काढा. नवा गनमेटलचा घ्या : ८५ टक्के तांबं, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. पाइप जोडायचं नळकांडंही गनमेटलचंच हवं. तेवढंच पितळी राहिलं तर तेच आधी जाईल.

पाइपवर प्रत्येक टोकाला दोन क्लिपा लावा. इथे मात्र चुंबक कामाला येतं : पट्टी चांगली पण स्क्रू साध्या लोखंडाचा, अशा क्लिपा खूप विकल्या जातात. स्क्रूला चुंबक घट्ट चिकटलं तर क्लिप परत करा.

ही सगळी कामं १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीकाळात, होडी किनाऱ्यावर असताना करा. तेव्हाच पंख्याजवळचे (प्रोपेलरजवळचे) जस्ताचे ठोकळेही पाहा; ते स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात. अर्धे झिजले असतील तर बदला, आणि नव्या ठोकळ्यांवर रंग मारू नका. रंगाखाली ते काहीच काम करत नाहीत.