लॅपटॉप नवा, तरी सॉफ्टवेअर का बसत नाही?

प्रश्न : मुलीला टॅली शिकण्यासाठी लॅपटॉप घेतला. टॅली इन्स्टॉल करायला गेलं की ‘फक्त स्टोअरमधली ॲप चालतील’ असं येतं. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार विंडोज नव्याने टाकायचे पैसे मागतोय. (मुलुंड)

एक रुपयाही देऊ नका. तुमचं विंडोज ‘एस मोड’मध्ये आहे, म्हणजे मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच ते बसवू देत नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन असं जा. तिथे ‘स्विच टू विंडोज ११ होम’ दिसेल. त्याखालच्या ‘गो टू द स्टोअर’वर क्लिक करा आणि पुढच्या पानावर ‘गेट’ दाबा. काम फुकटात होतं, फाइल्स जागच्या जागी राहतात. मात्र ॲक्टिव्हेशनच्याच पानावर ‘अपग्रेड युवर एडिशन’ही असतं. घाईत लोक नेमके तिथेच शिरतात, ‘प्रो’ या वरच्या आवृत्तीचे पैसे भरतात आणि एस मोड तसाच राहतो! एकदा बाहेर पडलात की एस मोडमध्ये परत जाता येत नाही, पण त्याची हळहळ वाटलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

प्रश्न : बीएससी आयटीला आहे. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) लागतं, पण माझ्याकडे विंडोज होम आहे आणि त्यात हायपर-व्ही (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायची सोय) दिसतच नाही. प्रो घ्यावं का? (भांडुप)

डॉकरपुरतं नको. हायपर-व्ही होममध्ये मिळत नाही हे खरं, पण विंडोज १० च्या मे २०२० च्या अपडेटपासून डॉकर डेस्कटॉप, विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ च्या आधाराने, होमवरही चालतं. ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ आणि ‘विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स’ या दोन्हींवर टिक करा आणि मशीन रीस्टार्ट करा. तरी अडलं तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू इथे ‘व्हर्च्युअलायझेशन’ पाहा. ‘डिसेबल्ड’ असेल तर ते बायोसमधून (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधून) सुरू करावं लागेल. होमवर हायपर-व्ही ‘उघडून देणाऱ्या’ फाइल्स व्हिडिओंखाली फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका.

प्रश्न : दुकानाचं जुनं डॉसवरचं बिलिंग नव्या कॉम्प्युटरवर उघडत नाही. प्रो टाकलं तर चालेल? (गिरगाव)

नाही. इथे होम-प्रोचा संबंधच नाही. ६४-बिट विंडोज डॉसच्या काळातले १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. व्हर्च्युअल बॉक्स या, मशीनमध्येच दुसरं मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुनं ३२-बिट विंडोज बसवून बिलिंग त्यात चालवता येईल. प्रिंटर जोडताना डोकं खाईल, पण जमतं. तोवर जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून वापरा आणि डेटाची कॉपी आजच पेन ड्राइव्हवर घ्या.

प्रश्न : ‘होम सिंगल लँग्वेज’ आहे. मराठी टाइप करता येईल का? (दादर)

आरामात. ‘सिंगल’चं बंधन विंडोजच्या मेन्यूंच्या भाषेपुरतं आहे, टायपिंगला नाही. लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड निवडा.